सड्यावरची ओवळीची टहाळी

सुरुवातीलाच सांगून टाकते – असल्या गोष्टींवर माझा अजिबात विश्वास नाही. नव्हता, आणि हे सगळं होऊनही नाही. रत्नागिरीत माझं सायकलचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. चेन तुटली तर तिला कारण असतं, ब्रेक लागला नाही तर त्यालाही कारण असतं, आणि ते कारण शोधणं हाच माझा धंदा. त्यामुळे खाली "ताई, जागृत स्थान आहे, नारळ ठेवा" अशी कमेंट टाकणार असाल तर कृपा करा, टाकू नका. असल्याच बोलण्याने माझं डोकं फिरलंय, म्हणून तर हे लिहायला बसले.

लांज्याच्या अलीकडे हायवे सोडून आत गेलं की माझ्या आत्याचं गाव लागतं. नाव देत नाही, नाहीतर उद्या गाड्या काढून बघायला याल. गावाच्या वर देवराई आहे. तिथली झाडं एवढी जुनी की दोघांच्या कवेत मावत नाहीत. राई संपली की एकदम उघडा सडा – जांभ्या दगडाचं सपाट पठार, नुसतं गवत, झाड म्हणून एक नाही. मी आणि माझा धाकटा भाऊ सुहास, आम्ही माउंटन बाइक घेऊन तिथे कित्येक वर्षं जातोय. राईतली अरुंद वाट, मुळांवरून उड्या, ओला पालापाचोळा, आणि मग सड्यावर सुसाट... ज्याला हा नाद आहे त्यालाच कळेल.

सड्याच्या मधोमध वाटेवर एक दगड होता. शेंदूर नाही, घंटा नाही, काही नाही. येणारा-जाणारा त्याच्यावर एक हिरवी टहाळी ठेवायचा. जुन्या टहाळ्या सुकून तिथे काटक्यांचा हा एवढा ढीग झाला होता. टहाळी मात्र घरून आणायची, कारण राईतलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही असा गावाचा नियम. का ठेवायची, असं एकदा आत्याला विचारलं होतं.

"मला काय म्हायत गो? सासू ठेवायची म्हणून मी ठेवतंय. तू आपली चाकं फिरव."

त्या दगडापाशी पायवाट डावीकडे वळायची. सरळ गेलं की जुनी चिरेखाण. जांभ्याचे चिरे कापून नेले, धंदा संपला, मालक सरळ उभ्या भिंतींचा खड्डा तसाच टाकून निघून गेला. कुंपण नाही, दोरी नाही, पाटी नाही. आत पावसाचं हिरवंगार पाणी, आणि गवत वाढलं की कड दिसतही नाही. त्याच सड्यावर गावची गुरं चरतात, बायका गवताचे भारे आणतात. कोणाला काही पडलेली नाही!

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या ग्रुपमधल्या तेजसने – नाव बदललंय – तिथे रेस घ्यायचं ठरवलं. चांगली गोष्ट आहे, मीही खूश होते. पण या शहाण्याने काय करावं? वाटेतला काटक्यांचा ढीग काढून लांब फेकला. का, तर मागच्या चाकाशी लोंबणाऱ्या डिरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलतो त्या भागात, काटकी अडकली की तो तुटतो. बरोबर आहे, तेवढं मान्य करते. पण त्याने तो दगडही उपटला आणि पुढच्या उडीसाठी रॅम्प बांधत होता, त्याच्या पायात घातला! सड्यावर दगडांचा काय दुष्काळ पडला होता?

आणि वर डावीकडची वाट सोडून ट्रॅक सरळ खाणीच्या कडेकडेने नेला, ड्रोनमधून पाणी छान दिसतं म्हणून.

"अरे, ती कड खालून पोकळ असते," मी ओरडून सांगितलं. "वर जांभा कडक, खाली मऊ माती. पावसाने ती धुपते."

"ताई, तू ना उगाच टेन्शन घेतेस. या कडेवर जेसीबी उभा राहायचा."

"कधी? खाण चालू होती तेव्हा ना? त्याला किती पावसाळे झाले?"

तो हसला. सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? सुहासही हसला. आत्याला कळलं तेव्हा तिने दोघांना अंगणात उभं करून झापलं. "मेल्यानो, कोणाच्या बापाचं खात होता तो दगड?" पण ऐकतंय कोण.

रेसच्या आदल्या रविवारी प्रॅक्टिस होती. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती, धुकंसुद्धा नव्हतं. लख्ख ऊन पडलेली सकाळ. पुढे सुहास, मागे तेजस, आणि त्यांच्या मागे मी. मी रेसमध्ये नव्हतेच, पण भाऊ ऐकत नाही म्हटल्यावर करणार काय? त्याला खाणीआधी गाठून डावीकडे वळवायचा, अगदी आडवी सायकल घालावी लागली तरी, एवढंच डोक्यात होतं.

राईतून बाहेर पडलो आणि सुहासने सड्यावर जी सायकल सोडली... मी जिवाच्या आकांताने पॅडल मारत होते. "सुहास, डावीकडे घे! गाढवा, डावीकडे!" त्याने मागे न बघता नुसता हात हलवला.

दगड होता त्या जागी तो पोचला आणि – खट्ट! मागचं चाक जाम. पोरगा हँडलवरून उडून गवतात आपटला. मागून तेजस आला, त्याच जागी – खट्ट! मी ब्रेक दाबलेच होते, तरी माझीही चेन तिथेच अडकली आणि मी कुशीवर पडले. तीन सायकली, एकच जागा.

मग भांडण. सुहासच्या गुडघ्यातून रक्त येत होतं आणि हा माझ्यावर खेकसतोय, "कालच सर्व्हिसिंग केलंस ना तू? काय केलंस काय?"

तेजस म्हणाला, "दुकान बंद कर तू, ताई."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! वडिलांच्या दुकानाचं नाव, तेही या माणसाच्या तोंडून. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी बोलत असतानाच आवाज झाला. ट्रकमधून चिरे ओतावेत तसा, पण जमिनीच्या आतून. समोर बघते तर तेजसने लाल रिबिनी बांधलेल्या काठ्या एकामागून एक खाली जात होत्या. कड गेली, ट्रॅक गेला, रॅम्पही गेला. मग खालून पाण्याचा धबाका.

सुहास थांबला नसता तर ती पोकळ कड त्याच्या सायकलीखालीच गेली असती. त्याने माझा हात घट्ट धरला, शाळेत असताना रस्ता ओलांडताना धरायचा तसा. मला त्याच्या कानाखाली वाजवायची होती आणि मिठीही मारायची होती. शेवटी मी यातलं काहीच केलं नाही, सायकल बघायला वळले. मला तेवढंच येतं.

तिन्ही डिरेलरमध्ये चेनच्या आत एकेक टहाळी गुंतली होती. सुकी काटकी नाही – हिरवी, ताजी, पानं तुकतुकीत. सड्यावर झाड नाही हे वर लिहिलंच आहे. राईतून अडकून आली असेल? मी मेकॅनिक आहे हो. राईत अडकली असती तर राईतच चेन जाम झाली असती. एवढी टहाळी डिरेलरमध्ये घेऊन कोणी सड्यावर अर्धी वाट सुसाट येत नाही. आणि तीच गोष्ट तिघांच्या बाबतीत? पक्कडीने मी एकेक पान सोडवून काढलं.

दगड खाणीच्या काठाशी मातीत अडकलेला दिसत होता. त्याला हात लावायची त्या दिवशी कोणाची छाती झाली नाही.

आत्याच्या घरी जाऊन टहाळ्या तिच्यापुढे ठेवल्या. सुहासच्या गुडघ्याला हळद लावता लावता तिने एक उचलली, पान बोटांत फिरवलं आणि खाली बसली.

"ही ओवळीची हाय."

ओवळ म्हणजे बकुळ. तिच्या परसात एक ओवळ होती, तिच्या सासूने लावलेली. सासू सड्यावर निघाली की त्याच झाडाची टहाळी घेऊन जायची. ते झाड वादळात पडलं, त्याचं लाकूडही जळून गेलं. सासू त्याच्या कितीतरी आधी गेली. "आता गावात ओवळ नाय," आत्या म्हणाली. नंतर मी राईत दोनदा शोधून आले. मला एकही दिसली नाही. माझ्या नजरेतून सुटली असेल, असूही शकतं.

इथपर्यंत सगळ्यांना ऐकायला आवडतं. पुढचं कोणालाच नको असतं. तेजसने रेस दुसरीकडे घेतली, पण त्याआधी सड्यावर जाऊन भगवं कापड लावून आला आणि फोटो टाकला – 'चमत्कार'. लोक बघायला येऊ लागले. सेल्फी काढतात, कडेवर उभे राहून! त्याच कडेवर! मी खाणमालकाला फोन केला, म्हटलं आता तरी कुंपण घाला. तर हा माणूस काय म्हणाला असेल?

"अहो, देवाने वाचवलं ना? मग कुंपण कशाला?"

फोन भिंतीवर फेकणार होते. गावात ज्याला-त्याला सांगून बघितलं. सगळे मान हलवतात, हात जोडतात, आणि पहिलं विचारतात, "टहाळी कुठाय? बघू तरी."

दुकानात काचेच्या बरणीत आहे. सुकली आता. ती सड्यावर कशी आली ते मला माहीत नाही. डोकं फुटेस्तोवर विचार केला, ओळखीच्या सगळ्या मेकॅनिकना विचारलं, कोणाकडेही उत्तर नाही. पण तो खड्डा कोणी खणला ते सगळ्या गावाला माहीत आहे.

आता रविवारी मी आणि सुहास सड्यावर जातो. खाणीभोवती फेकून दिलेले तुटके चिरे पडलेत, ते रचून कडेपासून लांब गडगा, म्हणजे दगडांची बुटकी भिंत, घालतोय. गावातले दोघेतिघे येतात, कधी येत नाहीत. सुहासने दोर बांधून दगड वर ओढला आणि जागेवर बसवला.

मागच्या रविवारी आत्या चढून आली. दम लागला होता. दगडावर आंब्याची टहाळी ठेवली, आमचा कमरेएवढाही न झालेला गडगा बघितला. मी घामाघूम होऊन चिडचिड करत होते, की कोणाला काही पडलेली नाही, आम्हीच काय ठेका घेतलाय का.

"सासूनं अडवलं एकदा," आत्या म्हणाली. "म्हातारी ती. रोज रोज कशी धावंल, बाय?"

मी पुढचा चिरा उचलला.