सहा दिवे एकदम

माझ्या भावाचा डावा डोळा मी घालवला. आळीतले लोक अजून नशिबाला बोल लावतात, म्हणून सरळ लिहून टाकते.

दादाची होडी रेवदंड्याच्या खाडीत असते. समुद्रात जाळं कुठे आहे ते दिसावं म्हणून तो त्यावर सहा दिवे सोडतो. खाऱ्या पाण्यानं त्यांच्या चार्जिंगच्या पिना महिन्याभरात सडायच्या. मी सर्किटं बनवणारी; म्हटलं, पिनाच नकोत. दिवे पूर्ण सीलबंद केले आणि एक पाटा बनवला. पाट्यातल्या तारेच्या वेटोळ्यात करंट सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट फिरतो आणि वर ठेवलेले दिवे तारेशिवाय चार्ज होतात. भानगड एकच. दिवे उचलले की विजेवरचा भार जातो, आणि माझ्या सर्किटात भार गेला की करंट उसळायचा. तो तोडायला मी संरक्षण बसवलं होतं.

ते फारच नाजूक निघालं. एक दिवा उचलला तरी सगळं बंद. दादा पडवीतून ओरडायचा, "बाय, तुजा पाटा परत रुसला गं!" आळी हसायची. राग आला की माझी अक्कल गहाण पडते. मी झाकण काढलं, संरक्षणाची तार कापली आणि एकेक दिवा उचलून दहादा पाहिलं. काही झालं नाही.

पण होडीत सुटी वस्तू न्यायची नाही, ही दादाची शिस्त. तो सहाही दिवे एका दोरात ओवायचा. दुसऱ्या दिवशी ओहोटी लागलेली, त्याला घाई. त्यानं दोर खेचला, सहाही दिवे एकदम उचलले गेले, करंट उसळला आणि उघड्या पाट्यातला करंट फिरवणारा ट्रान्झिस्टर फटाक्यासारखा फुटला. दादा तोंड धरून खाली बसला. बोटांमधून रक्त गळत होतं.

अलिबागच्या दवाखान्यात तो वहिनीला सांगत होता, "माजीच चूक. एकदम खेचला मी."

"नाही," मी म्हणाले. "तार मी कापली होती."

त्यानं पडल्यापडल्या माझ्या कानाखाली अशी वाजवली की त्याच्या हातातली सलाईनची सुई निघाली. घरी येऊन मी हातोड्यानं पाट्याचा चुरा केला. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

मग वर्षभर दुसरी रचना करत बसले. दिवे सहा असोत की एकही नसो, वेटोळ्यातला करंट तेवढाच राहिला पाहिजे. किती ट्रान्झिस्टर फोडले, मोजले नाहीत.

नवा पाटा पडवीत मांडला. मी डोळे वाचवायचा चष्मा न लावता त्यावर वाकले आणि दोर धरला. दादानं मला असं ढकललं की मी जाळ्यांवर आपटले.

"सर तिकडं! घरात एक काणा पुरे हाय."

त्यानं गेलेला डोळा पाट्याकडे केला आणि दोर खेचला. काही फुटलं नाही. मी तिथेच पडून हमसाहमशी रडले.