झिरो नंबरचा पॉलिश पेपर आणि दिन्याचं तोंड

यंत्रमागाखाली कापसाची फुलं साठतात बघा. सकाळी झाडून काढली तरी दुपारी पुन्हा ढीग! आमच्या कबनूरच्या शेडमधल्या किश्श्यांचंही तसंच. उडणारा कापूस घामाला चिकटतो आणि अंग खाजतं. दिवसभर खाजवणारी माणसं एका छपराखाली आली की औषधं सुचायचीच. दहा कामगार, दहा डॉक्टर! मी अकरावा, पण माझी डिग्री खोट्या औषधांतली. चौथी पास माणसाला दुसरी कोण देणार?

सगळ्यात सिरियस पेशंट म्हणजे दिनकर, आमचा दिन्या. वय बत्तीस, निर्व्यसनी, कामाला वाघ. बाप न्हाय, घरात एकटी आई. पण गालावर पुटकुळ्यांचं बारमाही पीक! ज्या ज्या ठिकाणी फोटो गेला, तिथनं "कळवतो" एवढंच आलं. त्याची आई मला म्हणायची, "बापू, ह्येचं जमवा कुठंतरी. मी डोळं मिटलं तर ह्येला भाकरी कोण घालंल?"

त्या एका लग्नापायी आम्ही काय काय बघितलं, सांगतो.

•••

तातोबा आमचा जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा मेस्त्री. त्याच्या मांडीवर गजकर्ण उठलं. एक दिवस बघतो तर गडी फेंगडा चालतोय, घोड्यावरनं आत्ताच उतरल्यागत!

"काय झालं रं?"

"औषध केलं, बापू. मला सांगा, लोखंडाला गंज चढला तर आपण काय करतो? आधी पॉलिश पेपर, मग ऑइल!"

माझ्या हातातला चहा सांडला. "आरं मुडद्या! मांडीला पॉलिश पेपर मारलास?"

तातोबालाच माझा राग आला.

"झिरो नंबरचा मारला की! एवढं कळतंय मला!"

•••

शांताक्का मागाच्या कांड्यांवर सूत भरायच्या कामाला. मानेवर एक चामखीळ होती, मिरीएवढी. आमच्याकडं चामखिळीवर एकच इलाज, घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधायचा. अक्का माझ्या मागं लागली, "बापू, तुमच्या वळखीत वरातीचा घोडा आसंल की!"

घोड्यामागं उभं राहायची हिंमत कुणाची? आमच्या म्हशीच्या शेपटीचा एक केस उपटला, कागदात बांधला आणि दिला. वर सांगितलं, "पांढऱ्या घोड्याचा हाय. सांभाळून वापर."

केस काळाकुट्ट! तरी अक्कानं विचारलं न्हाय.

आठव्या दिवशी चामखीळ गळून पडली की हो! मी गारच पडलो. उभ्या जन्मात माझं खोटं एवढं खरं कधी झालं नव्हतं. पुढं गल्लीतली माणसं केस मागायला दारात. म्हशीची शेपटी बोडकी झाली, माश्या हाकलता येईनात. घरची चिडली. शेवटी मी कबूल केलं, "अक्का, चूक झाली. त्यो म्हशीचा हुता."

अक्कानं बोटांवर दिवस मोजले.

"म्हणून आठ दिस लागलं व्हय! घोड्याचा आसता तर चार दिसांत पडली आस्ती!"

•••

तेवढ्यात गारगोटीचं स्थळ आलं. पोरीकडचे पंधरा दिवसांनी घर आणि पोरगं बघायला येणार. दिन्याला टेन्शन! मोबाइलवर कुठली तरी बाई बघून त्यानं फेसपॅक केला. हरभऱ्याचं पीठ, हळद, दही. थोडा तोंडाला चोपडला आणि वाडगा ओट्यावर ठेवून गडी अंघोळीला गेला.

आईनं बघितलं, पीठ कालवलेलं आहे. पोराला भजी खावी वाटली असणार! कांदा चिरून टाकला, मिरची टाकली, मीठ पोरानंच घातलं असणार म्हणून सोडलं, झकास तळून डब्यात दिली. दुपारी आम्ही सगळ्यांनी हाणली. अक्कानं तर दोनदा मागून घेतली. दिन्यानंही खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दिन्या आला, चेहरा उतरलेला.

"बापू, वाडगं कुठं गेलं म्हणून आईला विचारलं..." आणि रडायच्या बेतात सगळं सांगितलं. "त्यात मी बोटं बुडवलीती वो. गालावरनं फिरवायची, परत बुडवायची..."

अक्का तोंड दाबून नळाकडं पळाली. तातोबा मात्र शांतपणे दात कोरत बसला होता.

"तरीच म्हणलं, मिठाला एवढी बरोबर कशी!"

•••

आणि आता माझं पाप सांगतो.

पावणं यायच्या दोन दिवस आधी दिन्या माझ्याकडं आला. गाल जरा बरे होते, पण नाकाच्या शेंड्यावर एक नवीन पुटकुळी, लालबुंद. "बापू, एवढी घालवा. पाया पडतो."

मी चेष्टेत म्हणलं, "बिब्बा लाव की! पुटकुळीसकट नाक जाईल!"

ही चेष्टा आहे हे शहाण्या माणसाला कळतं. लग्नाला उतावीळ झालेल्या माणसाला न्हाय.

पावणं यायच्या दिवशी सकाळी दिन्याची आई रडत दारात आली. जाऊन बघतो तर काय! बिब्बा उतलेला, त्याच्या तेलानं कातडं भाजलेलं. तोंड पुरीगत टम्म, डोळ्यांच्या जागी दोन चिरा, नाक कुठनं सुरू होतं ते कळंना. हसणं सोडा, मी आधी मोबाइल काढला. पावण्यांना फोन लावला, "जरा पुढं ढकलूया काय?"

"आता कसं जमायचं? गल्लीच्या तोंडाला आलोय की!"

आले. पोरीचे आईबाप, मामा आणि पोरगी. पोरीनं डोळ्यांखाली सगळं तोंड स्कार्फमध्ये गुंडाळलेलं, स्कूटरवर बांधतात तसं. आली तर चारचाकीतनं! तिची आई घाईनं म्हणाली, "उन्हाचा तरास हुतोय तिला."

बापाच्या जागी मी बसलेलो. दिन्याला बाहेर आणला. मामाचा पोह्याचा घास हातातच राहिला. पोरीच्या बापानं बशी हळूच खाली ठेवली आणि बायकोकडं बघितलं. आत दिन्याच्या आईचा हुंदका ऐकू आला. मी सांगणारच होतो, की ही चूक माझी हाय, पोरगं सोन्यासारखं हाय.

एवढ्यात पोरगी पुढं सरकली. वाकून दिन्याचं तोंड नीट बघितलं, डॉक्टरीण बघती तसं.

"बिब्बा?"

दिन्यानं मान खाली घातली. "व्हय."

"आगं, नको..." तिची आई म्हणंस्तोवर तिनं स्कार्फची गाठ सोडली. नाकापासनं हनुवटीपर्यंत कातडं सोललेलं, लालभडक!

"पुटकुळीवर लसूण," ती म्हणाली.