विमलअक्कांची घळ

विमलअक्कांची आणि माझी पहिली भेट झाली ती चोपड्याला, त्यांच्या घराच्या ओट्यावर. माझी अख्खी पाठपिशवी तिथं उलटी करून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सातपुड्यातल्या घळीत चालायला जायचं, रात्री तिथंच मुक्काम करायचा, म्हणून मी जळगावहून मोठ्या हौसेनं तयारी करून आले होते. अक्कांनी पिशवी हातानं उचलून पाहिली, खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बठ्ठं काढ बाहेर." मग एकेक वस्तू हातात घेऊन विचारू लागल्या, "हाई काय शे व माय?" आरसा होता, केसांचं तेल होतं, घडीची खुर्ची होती. आईनं दिलेली लोणच्याची बरणी दिसली तेव्हा मात्र त्या हसल्या. "घळीत तहान फुकट मिळते. वरून आणखी कशाला न्यायची?" असं म्हणून त्यांनी बरणी शेजारणीकडे देऊन टाकली. ते लोणचं मला परत मिळालं नाही.

मी जळगावला पाइपच्या कारखान्यात, तपासणी विभागात काम करते. दिवसभर बसून पाठ धरली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि एका मैत्रिणीनं चोपड्याच्या अक्कांचं नाव सुचवलं. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर, हिवाळ्यात लोकांना घळीतून नेतात, एवढंच तिला ठाऊक होतं. मी गेले ती पाठीसाठी, आणि मग दर हिवाळ्याला जात राहिले.

सातपुडा म्हटलं की लोकांना हिरवं रान आठवतं. ही घळ तशी नाही. पावसाळ्यात तिच्यातून नदी धो धो वाहते, पण दिवाळी उलटली की पाणी वाळूखाली जातं आणि उरतो तो पांढऱ्या वाळूचा नुसता पट्टा. दोन्ही बाजूंना काळ्या खडकाच्या उभ्या भिंती. सूर्य डोक्यावर आला की त्या तापतात आणि संध्याकाळपर्यंत तव्यासारखी धग सोडत राहतात. खालच्या पिंपळापासून शिरायचं, दिवसभर वर चालायचं, खडकाच्या एका रुंद ओट्यावर मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी वरच्या पाड्याला बाहेर पडायचं. तिथपर्यंत जीप येते. मधे ना घर, ना दुकान, ना फोनला रेंज. होळीनंतर अक्का कुणालाच नेत नसत.

पाणी असे ते झिऱ्याचं. नदीच्या वळणावर वाळू हातानं उकरायची आणि खड्ड्यात पाणी पाझरण्याची वाट बघत बसायचं. पहिल्या वेळी मी घाईघाईनं उकरत सुटले. कडा ढासळल्या, सगळा गाळ झाला. अक्का माझ्या शेजारी येऊन टेकल्या. "पानी काय तुना नोकर शे का? बठ जराशी." आम्ही बसलो. हळूहळू तळाशी ओल चमकली, मग ओंजळभर पाणी साचलं. ते त्यांनी काढून टाकलं. पुन्हा साचलं, तेही टाकलं. तिसऱ्यांदा आलेलं पाणी मात्र इतकं नितळ होतं, की तळातली वाळू कणाकणानं दिसत होती. तेही त्या फडक्यातून गाळून उकळायला लावत. "नर्स आहे मी. नितळ दिसतं त्यावर माझा विश्वास नाही."

अक्का मूळच्या नरडाण्याकडच्या. बौद्ध कुटुंबातल्या, गावातून नर्सिंग शिकायला बाहेर पडलेली पहिली मुलगी. दवाखान्यात राहून त्यांची भाषा शहरी झाली होती. पण खूश झाल्या किंवा चिडल्या, की माहेरची अहिराणी ओठांवर यायची. मुलगा मिलिंद लहान असतानाच यजमान गेले. तेव्हापासून घर, नोकरी आणि मिलिंद. मिलिंद पुढं पुण्याला नोकरीला लागला, तिथंच त्यानं घर केलं. अक्का मात्र चोपडा सोडायला तयार नव्हत्या.

अक्कांना घळ ठाऊक झाली ती हौसेनं नव्हे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात वरच्या पाड्यांवर मुलांना लस टोचायला त्या जात. रस्त्यानं फार मोठा वळसा पडायचा, म्हणून त्या घळीतून जात. खांद्याला लशींचा डबा, डब्यात बर्फ. हे त्यांनी मला पहिल्याच वर्षी चालता चालता सांगितलं. "किती वर्षं गेले इथून, पण कधी वर पाहिलं नाही बघ. बर्फ वितळायचा ना. नजर पायाखाली आणि जीव त्या डब्यात. निवृत्त झाले, निरोपाचा नारळ घरी ठेवला आणि त्याच आठवड्यात इथं आले. म्हटलं, आता तरी वर पाहू." मग थांबून त्यांनी मान वर केली. दोन भिंतींमधून आभाळाची निळी चिंधी दिसत होती आणि खूप उंचावर एक घार तरंगत होती. अक्का बराच वेळ पाहत राहिल्या. मी त्यांना चला म्हटलं नाही.

एका हिवाळ्यात आम्ही पाच-सहा जण घळीत निघायच्या तयारीत असताना मिलिंद आला. अक्कांच्या हृदयाचे ठोके अधूनमधून चुकतात, असं तपासणीत निघालं होतं. "मी आईला न्यायला आलोय," त्यानं घराच्या ओट्यावरच आम्हाला सांगून टाकलं. "या वयात, असलं दुखणं घेऊन डोंगरात फिरायचं म्हणजे काय?" अक्कांनी वाद घातला नाही. म्हणाल्या, "नेशील. आधी एकदा माझ्यासोबत चल." रात्रभर बसमध्ये अवघडून आलेला मिलिंद चहा पिऊन तसाच आमच्याबरोबर निघाला.

सकाळभर तो झपझप पुढं चालला. चिडलेला माणूस चालतो तसा. दुपारी एका वळणावर आम्ही त्याला गाठलं तेव्हा तो दगडाला टेकून बसला होता. चेहरा पांढराफटक, पोटऱ्यांत गोळे आलेले. उलटी झाली होती आणि बाटली रिकामी होती. अक्कांनी त्याचा हात धरून नाडी पाहिली आणि त्या एकदम वेगळ्याच झाल्या. आवाज हलका, शब्द मोजके. त्याला कपारीच्या सावलीत निजवलं, बूट काढले, ओला पंचा मानेवर ठेवला. मला म्हणाल्या, "साखर-मीठ काढ. तुझं पाणी इकडं दे." बाकीच्यांना झिरा उकरायला पाठवलं.

मिलिंदनं भांडं ओढून घटाघटा प्यायचा प्रयत्न केला. अक्कांनी ते काढून घेतलं. "घोट नको. चमचा."

"आई, गाडी बोलाव."

"गाडी इथं येत नाही, बाळा. चमचा घे."

त्या चमच्या-चमच्यानं पाजत राहिल्या. उलटी झाली की थांबायचं, पुन्हा सुरू करायचं. दुसऱ्या हातानं त्या त्याच्या पोटऱ्या दाबत होत्या. मी जवळ गेले तेव्हा हळूच म्हणाल्या, "चूक माझी. रात्रभर जागून आलेल्याला मी उन्हात चालवलं. दुसऱ्या कुणाला नसतं चालवलं."  घळीत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं ते त्या एकदाच.

उन्हं भिंतीवर चढली तसा त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. तो उठून खडकाआड गेला. अक्कांनी इकडून सगळ्यांदेखत विचारलं, "लघवी झाली का रे?" तिकडून ओशाळलेला आवाज आला, "झाली!" अक्कांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला, आणि मग आम्ही सगळेच हसत सुटलो. खडकाआड मिलिंदही हसत होता.

मुक्कामाचा ओटा तिथून जवळच होता. दिवस मावळायच्या आत आम्ही त्याला सावकाश तिथं नेलं. चूल पेटली, भाताची पेज झाली. मिलिंदनं अर्धी वाटी पेज घेतली आणि म्हणाला, "आई, हे मला झालं. तुला झालं असतं तर?"

"तर वाईट झालं असतं."

"पुण्यात दवाखाना आहे जवळ."

"खरं आहे," अक्का म्हणाल्या. त्याला बहुधा भांडण हवं होतं. त्यानं वाटी खाली ठेवली. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "पण हे ठिकाण तुला सापडलं कसं?"

अक्कांनी डब्याची गोष्ट सांगितली. मला सांगितली होती तशीच. मिलिंद ऐकता ऐकता ताठ बसला. "म्हणजे तू इथून यायचीस? मला तर वाटायचं, तू दवाखान्यात असतेस. बाकीच्या सिस्टर घरी यायच्या. मी शेजारच्या मावशींच्या दारात बसून त्यांना येताना बघायचो." तो निखाऱ्यांकडे बघत बोलत होता. "मला वाटायचं, तुला घरी यायला आवडत नाही."

मी उठून जायला हवं होतं, पण ओटा एवढासाच. अक्का काडीनं राख सारत राहिल्या. मग म्हणाल्या, "पळत यायचे रे. ह्याच वाळूतून. परत येताना डबा रिकामा असायचा ना, म्हणून पळता यायचं."

 मिलिंद सरकून आईच्या शेजारी येऊन बसला, खांद्याला खांदा लावून. भिंतींची धग अजून अंगाला लागत होती.

दुसऱ्या दिवशी तो आईसोबत चालला, तिच्या चालीनं. मधेच थांबून विचारायचा, "इथं काय होतं तेव्हा? इथं बसायचीस का?" आणि ती सांगायची. वरच्या पाड्यावर एक पावरा आदिवासी बाई अक्कांना ओळखून धावत आली. कडेवरच्या नातवाला पुढं करून म्हणाली, "याच्या बापाला तुम्हीच सुई टोचली होती." मिलिंदनं त्या मुलाला उचलून घेतलं. पुण्याला जाण्याचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. दोन दिवसांनी तो एकटाच परत गेला.

आता अक्का नाहीत. गेल्या वर्षी गेल्या, पुण्यात, मिलिंदच्या घरी, दुपारी जेवून पडल्या असताना. त्यानं स्वतः मला फोन केला. 

हो, त्या पुण्याला गेल्या होत्या. त्या हिवाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांनी आपण होऊन फोन करून मिलिंदला बोलावून घेतलं. मी त्यांना निरोप द्यायला जळगाव स्टेशनवर गेले होते. मिलिंद चहा आणायला गेला होता. मला रडू येत होतं आणि थोडा रागही आला होता. मी म्हटलं, "अक्का, शेवटी ऐकलंतच त्याचं."

"कुठं ऐकलं?" अक्का म्हणाल्या. गर्दीतून दोन्ही हातांत कप सांभाळत मिलिंद येत होता. त्या त्याच्याकडेच बघत होत्या. "इतकी वर्षं चल चल म्हणायचा, तेव्हा नाही गेले. घळीतल्या त्या दिवसापासनं त्यानं एकदाही विचारलं नाही. मग म्हटलं, आता जावं."