जिंकल्यावर फोडायचा नारळ

त्या हिवाळ्यात न्यूझीलंडमधल्या पापाटोएटोच्या आमच्या घरामागचं मैदान सकाळी दिसायचंच नाही. धुकं विरेपर्यंत नुसते आवाज यायचे. शिट्टी, चेंडूचा धप्प, कुणीतरी कुणाला मारलेली हाक. माझे वडील, अण्णा, तालुक्याच्या गावातलं सायकल दुरुस्तीचं दुकान धाकट्या काकांवर सोपवून माझ्याकडे राहायला आले होते. एका शनिवारी ते चहाचा मग घेऊन त्या आवाजांच्या दिशेने गेले आणि परतले ते एका फुटबॉल संघाचे होऊन.

संघ शेजारच्या कॉलेजचा. इथे हायस्कूललाच कॉलेज म्हणतात. चांगली दणकट पोरं रग्बीला जात, उरलेली फुटबॉल खेळत. त्या दिवशी ती पाच गोल खाऊन हरली होती. अण्णांनी घरी येऊन सांगितलं, यंदाचा कप हीच पोरं नेणार. दुपारी त्यांनी भारतीय दुकानातून एक नारळ आणला आणि देवापाशी ठेवला. पोरं जिंकली की मैदानावर फोडायचा.

मग दर शनिवारी तो नारळ कापडी पिशवीतून मैदानावर जाई आणि तसाच परत येई. मी ऑकलंडला आयटीत. आठवडाभर स्क्रीनकडे बघून शिणलेले डोळे घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहायचे. ओलं गवत, दुधी उजेड आणि त्यात तरंगल्यासारखी पळणारी पिवळ्या जर्सीतली पोरं. प्रशिक्षक लांबूनच "किया ओरा, अंकल" असा माओरी नमस्कार करायचे, अण्णा पिशवी उंचावून दाखवायचे. एकदा मी त्यांना गुणतक्ता दाखवला. आपण सगळ्यात खाली होतो.

"तक्ता झालेलं सांगतो," ते म्हणाले. "व्हायचं कुठं सांगतो?"

बारावीला मी बोर्डात येणार, असं त्यांनी सगळ्या पेठेला सांगून ठेवलं होतं. मी आले नाही. पेढे मात्र त्यांनी ठरल्याप्रमाणे वाटले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि त्या पेढ्यांनंतर मला ती न चढून चालण्यासारखं नव्हतं.

ऑगस्ट आला, इथला हिवाळा सरत आला. नारळ हलवला की आत पाणी वाजायचं, ते वाजेनासं झालं. चटणीला मागितला तर अण्णा म्हणाले, तो पोरांचा आहे. येत्या मंगळवारी त्यांचं विमान होतं, म्हणजे या शनिवारचा सामना त्यांच्यासाठी शेवटचाच. जाण्याआधी एक विजय बघायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या दिवशी पोरं जीव तोडून खेळली. गोल कुणाचाच होत नव्हता. अगदी शेवटी आमच्या एकाने मारलेला चेंडू खांबावर आपटला, त्याचा टण्ण आवाज धुक्यात थोडा वेळ तसाच राहिला, आणि शिट्टी झाली. अण्णा पिशवी छातीशी धरून उभे होते. त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी छत्री मिटत बसले.

"मॅच बरोबरीत सुटली ना?" त्यांनी विचारलं.

"हो, अण्णा."

"मग? जत्रेत कुस्ती बरोबरीत सुटली की बक्षिसाचं काय करतात?"

अर्धं-अर्धं करतात. मी हे विसरलेच होते.

नळाजवळच्या सिमेंटच्या कट्ट्यावर त्यांनी नारळ फोडला. पाणी आटून आत खोबरं सुटं झालं होतं. अर्धं आपल्या पोरांना, अर्धं समोरच्या संघाला. चिखलाच्या हातांनी सगळ्यांनी तुकडे उचलले. प्रशिक्षकांनी चघळत विचारलं, हे कशाबद्दल? मी कुस्त्यांचं सांगू लागले, तर अण्णांनी मला मध्येच थांबवलं.

"ते राहू दे. पुढच्या वर्षी कप आपला, एवढं सांग त्यांना."

मी सांगितलं. प्रशिक्षक हसले नाहीत.

सोमवारी संध्याकाळी बॅगा भरून झाल्यावर अण्णा पायीच त्या भारतीय दुकानात जाऊन आले. सकाळी मी त्यांना विमानतळावर सोडून घरी आले, तेव्हा देवापाशी नवा नारळ होता. मी तो कानाशी नेऊन हलवला. आत पाणी होतं.