भर उन्हात पाणी चढलं: बाईंबरोबर वाशीच्या खाडीकाठी

मी मुळातली भित्री. घाटात एसटीच्या खिडकीतून खाली बघत नाही आणि लिफ्टमध्ये रामराम म्हणत उभी राहते. लेकीनं, ऋतुजानं, वाशीजवळ खाडीकाठी तळमजल्यावर भाड्यानं घर घेतलं तेव्हा माझी झोपच उडाली. तिच्या पदरात तान्हं बाळ! शेवटी आमच्या बाईंना गळ घातली, तुम्हीच चला आणि बघा.

बाई म्हणजे माझ्या कॉलेजातल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका. पर्यावरणाचं अर्थशास्त्र नावाचं काही असतं हे आपल्याकडे कुणाच्या गावीही नव्हतं, तेव्हा त्या याच खाडीत साडी खोचून चिखल तुडवत हिंडल्या. खारफुटी आणि खाडीचे बांध यांचं मोल काढायला. किंमत विचारली की लोक तोंडाला येईल ते सांगतात, म्हणून त्या दारोदार एकच प्रश्न विचारायच्या: हे नसलं तर तुम्हाला कशाची भीती वाटेल? तेव्हा विद्वानांनी टिंगल केली. आता त्याच वाटेनं पोरं पीएचड्या करतात.

तुम्हाला जायचं असेल तर साताऱ्याहून सकाळची एसटी पकडा. वाशीला हायवेवर उतरलात की रिक्षा मीटरनं येते, घासाघीस नको. खाडीकाठच्या खानावळीत तांदळाची भाकरी आणि सुका जवळा झकास मिळतो म्हणे. बाई चवीनं जेवल्या. मी भाकरी नुसती चिवडत होते, कारण दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. उधाणाची भरती बघायला बाईंनी मुद्दाम तो दिवस निवडला होता.

सकाळी इमारतीमागे गेलो. बाईंच्या आठवणीतली खारफुटी कुठली, नुसता राडारोड्याचा ढीग. ऋतुजा म्हणाली, "आई, टेन्शन नको घेऊ गं. पाणी इथपर्यंत येतच नाही."

बाराच्या सुमाराला आलं. आभाळात ढगाचा ठिपका नाही, लख्ख ऊन, आणि पार्किंगमधलं गटार गुरगुरायला लागलं. काळं पाणी उलटं वर आलं, स्कूटरची चाकं बुडाली, दाराच्या पायरीला लागलं. मी बाळाला उचलून पलंगावर चढले. बाई दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि त्यांना घाबरलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. पाणी पायरीवरच थांबलं, मग ओसरलं.

संध्याकाळी घरमालकीण म्हात्रे काकींकडे चहाला गेलो. इमारत उभी आहे तिथं पूर्वी त्यांची भातशेती होती. काकी सांगत होत्या, भरतीनं बांध फुटला की ज्याला पहिलं दिसेल तो घरोघरी ओरडत सुटायचा, "खांड परली!" मग बायामाणसं हातातलं टाकून चिखलाचे गोळे घेऊन धावायची. शेतात खारं पाणी शिरलं की पुढची कित्येक वर्षं भात नाही.

बाईंनी आपला जुनाच प्रश्न विचारला. बांध गेला, खारफुटी गेली, आता कशाची भीती वाटते?

काकी हसल्या. "मी चवथ्या माल्यावर ऱ्हातंय बाय. मना कसली भीती?"

बाईंनी कप खाली ठेवला. काकी मग बराच वेळ माझ्या मांडीवरच्या बाळाकडे बघत बसल्या.

परतीच्या एसटीत बाई एवढंच म्हणाल्या, की इतक्या वर्षांत असं उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं.

घरी आल्यापासून माझं कालनिर्णयाकडे बघणं बदललंय. पौर्णिमा आली की उपास नंतर, आधी भरती आठवते. परवाच्या पौर्णिमेला अकरापासून ऋतुजाला फोन लावत होते. उचलेना. देवापुढे दिवा लावला, तो दोनदा विझला. म्हटलं, झालं!

एकदाचा तिचा फोन आला. ती चौथ्या मजल्यावर होती, काकींच्या घरात, तळमजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांसकट. पाणी चढायच्या आधीच काकींनी जिना उतरून एकेक दार वाजवलं होतं आणि बाळाला स्वतः उचलून वर नेलं होतं.

"काय म्हणाल्या गं त्या?" मी विचारलं.

"खांड परली, खांड परली, असं ओरडत होत्या. आई, इथं बांध कुठाय?" मग जरा थांबून म्हणाली, "आम्ही वरच्या मजल्यावरचं घर शोधतोय. मला भीती वाटली गं."

किती दिवसांनी मला हायसं वाटलं.