लग्नाला गैरहजर असल्याचा दाखला

लातूरच्या एसटी स्टँडवर मी सकाळी सहाला पोचलो, तेव्हा माझे दाजी माणिकराव तासाभरापासून तिथं उभे होते. गाडी साडेसहाची. पायाशी पत्र्याची ट्रंक आणि ट्रंकेवर वीस लिटरचा पांढरा कॅन. फौजेतून येऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण वेळेच्या आधी पोचायची खोड काही गेलेली नाही. आयुष्यात एकाच ठिकाणी ते वेळेवर पोचले नाहीत, ते म्हणजे स्वतःच्या लग्नात.

"कॅनमध्ये काय आहे?" मी विचारलं.

"पाणी. आपल्या विहिरीचं. दुष्काळात पाव्हण्यानं मोकळ्या हातानं जाऊ न्हाई, गुरुजी."

मी लातूरच्या एका शाळेत शिकवतो, म्हणून सख्खा मेहुणा असूनही दाजी मला गुरुजीच म्हणतात. ताईचं सासर जळकोटजवळ. त्या साली तिकडे रीतच पडली होती की पाहुण्यानं आपल्यापुरतं पाणी आपण न्यायचं. दाजी यजमानापुरतंही घेऊन निघाले होते. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीनं त्यांनी तो कॅन भरला होता.

आम्ही निघालो होतो किनवटला, एक साक्षीदार शोधायला. भानगड अशी होती. बांगलादेशाच्या लढाईच्या तोंडावर दाजींना लग्नासाठी रजा मिळाली. ते आगगाडीत बसले, आणि वाटेत एका जंक्शनवर भोंगा वाजला की सगळ्या रजा रद्द, जवानांनी परत फिरावं. दाजी फिरले. घाईगर्दीत त्यांना दुसऱ्याच पलटणीबरोबर सीमेवर धाडलं. लढाई संपेपर्यंत ते खंदकात होते. पण त्यांच्या मूळ पलटणीच्या वहीत शेरा राहिला तो राहिलाच: 'लग्नासाठी रजेवर.' त्यामुळे पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक ही दोन पदकं त्यांच्या नावावर कधी चढलीच नाहीत.

दाजींनी दाद मागितली, पुरावा म्हणून अर्जाला लग्नपत्रिका जोडली. त्यांचं म्हणणं, "लगीन कवा व्हतं ते त्यास्नी कळावं." त्यांना कळलं. वरून उत्तर आलं की पत्रिकेवरून आपण सदर दिवशी विवाहस्थळी होता हे सिद्ध होते.

तोवर लातूर नवा जिल्हा झाला. दाजींची फाईल उस्मानाबादेहून लातूरला आली आणि नव्या सैनिक कल्याण कार्यालयात, अजून कपाटं यायची होती म्हणून, साबणाच्या खोक्यात विसावली. तिथले कारकून भले गृहस्थ. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. एका हवालदाराचं पत्र, की हा माणूस आमच्याबरोबर खंदकात होता. आणि ती पत्रिका, की हा माणूस बोहल्यावर होता.

"एक माणूस एका तारखेला दोन ठिकाणी असत नाही," ते म्हणाले. "तुम्ही लग्नाला नव्हता अशी साक्ष आणा. मात्र साक्षीदार नातलग चालणार नाही."

इथंच घोडं अडलं. त्या लग्नाला सगळी भावकी आणि सोयरे. परका म्हणावा असा एकच माणूस मांडवात होता, तो म्हणजे नवरदेवाचा मालक.

हे जरा उलगडून सांगतो. लग्नाच्या दिवशी सकाळी तार आली: 'रजा रद्द. येऊ शकत नाही.' नवरीला हळद लागलेली, बुंदी पाडून झालेली. तेव्हा आमच्या थोरल्या आत्यानं जुनी चाल काढली: खांड्याशी लग्न लावा (नवरा रणात असला तर त्याची तलवार पाटावर ठेवून अक्षता टाकायच्या). विचार उत्तम होता, पण अख्ख्या गावात तलवार नव्हती. पोलीस ॲक्शनच्या वेळी सगळी हत्यारं जमा झाली होती. शेवटी जत्रेला आलेल्या नाटकमंडळीत राजाचं काम करणाऱ्या भुजंगरावांकडून तलवार आणली. लाकडाची, वर चंदेरी कागद. तिला मुंडावळ्या बांधल्या, आणि माझी बहीण तिच्या गळ्यात, म्हणजे मुठीत, हार घालून मोकळी झाली.

तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. पण दाजी फौजेतून सुटून आले, त्यांच्या फौजेच्या पुस्तकातला 'रजेवर' हा शेरा चावडीवर कुणीतरी मोठ्यानं वाचला, आणि बाया हिशेब करू लागल्या. लढाईवर नव्हता, मांडवात नव्हता, मग होता कुठं? तार खोटी, नवरी पसंत नव्हती म्हणून पळाला होता. ताई पाण्याला गेली की हे तिच्या कानावर पडायचं. हा प्रवास ठरवायला मी त्यांच्या गावी गेलो होतो, तेव्हा ती दाजींना माझ्यादेखत म्हणाली, "कागुद म्हंतो तुमी लग्नात व्हता. मंग मला कामून दिसला न्हाईत?" पदकं दाजींना हवी होती, पण त्या कागदाची गरज ताईला जास्त होती, हे मला त्या दिवशी कळलं.

असो. गाडी सुटली. अहमदपूरपर्यंत दोन्ही बाजूंना नुसती काळी भेगाळलेली जमीन, आणि वडाखाली टँकरची वाट पाहणाऱ्या घागरींची रांग. घागरीच उभ्या होत्या, माणसं सावलीला बसली होती. कंडक्टर आमच्यापाशी आला आणि त्यानं कॅनकडे बोट दाखवलं.

"हे काय हाय? रॉकेल असंल तर खाली उतरवा."

"पानी है," दाजी म्हणाले. सरकारी माणूस दिसला की त्यांना फौजेतली हिंदी सुटते.

"पाणी?" कंडक्टरनं टोपी काढली. "कुठलं? गोडं हाय का?"

पुढे लोह्यापर्यंत सबंध गाडीला कळलं की मागच्या बाकावर गोडं पाणी आहे. एक म्हातारी आली, तिला तांब्याभर दिलं. मग दोन बाळंतिणी आल्या, म्हणजे त्यांनी तसं सांगितलं. ड्रायव्हरनं इंजिन तापल्याचं निमित्त काढलं, तेव्हा मात्र दाजी कॅनवर बसले ते नांदेड येईपर्यंत उठले नाहीत.

नांदेडला गोदावरीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. दुपारी आम्ही गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो. पंगतीत डाळ वाढणारे एक म्हातारे सरदारजी दाजींची बसायची ऐट बघून थांबले.

"फौजी?"

"जी साब."

"इकहत्तर में थे? फिर तो सितारा मिला होगा!"

दाजींचा घास हातातच राहिला. "कागज में हम शादी में थे साब," ते म्हणाले.

सरदारजींनी त्यांच्याकडे क्षणभर बघितलं, काही न विचारता दोन जादा रोट्या त्यांच्या हातावर ठेवल्या आणि पुढे गेले. मलाही वाईट वाटलं, म्हणून धर्मशाळेत पोचेपर्यंत कॅन मी उचलला.

दुसऱ्या दिवशी किनवटची रेल्वे. छोटे रूळ, छोटे डबे, आणि वेग असा की मधे उतरून लिंबाची काडी तोडून पुन्हा चढता येईल. एकानं तसं केलंही. मुदखेड, भोकर मागे पडलं आणि डोंगर सुरू झाले. साग उघडाबोडका झाला होता, पण मोह फुलला होता आणि त्याचा गोडसर उग्र वास डब्यात भरला होता. टोपलीत चारं (चारोळीची पिकलेली फळं) घेऊन एक गोंड बाई चढली. दाजींनी पानाचा एक द्रोण घेतला, आणि अख्खा द्रोण संपेपर्यंत बिया खिडकीबाहेर नेम धरून फेकल्या.

स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं तर समोर हातपंप. एक बाई दोनच दांडे हाणते आणि भसाभसा पाणी! भरलेल्या बादलीतून वाहून ते रस्त्यावर चाललं होतं. दाजी कॅन हातात धरून बघत राहिले.

"गुरुजी, आपुन कॅन परत न्यावा का?"

"आता आणलाच आहे तर द्या."

भुजंगराव इथल्या एका आश्रमशाळेत स्वयंपाकी झाले होते, एवढं जुन्या नाटकमंडळींकडून कळलं होतं. शाळा गावाबाहेर, सागाच्या रानाला लागून. स्वयंपाकघराच्या दारात साठीचा, उघडाबंब, भरघोस मिशांचा माणूस भल्यामोठ्या पातेल्यात पिठलं ढवळत होता. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, तलवारीचं लग्न म्हटलं. त्यांनी दोन्ही हात पसरले.

"अहाहा! कोण हे आमच्या दरबारी आले!" नाटक सुटून जमाना झाला, पण भुजंगरावांना साधं बोलताच यायचं नाही. मग दाजींकडे वळून हळूच म्हणाले, "तुमीच का ते नवरदेव? आज बगून राहिलो तुमाला. तुमच्यापरीस माझी तलवार गोरी व्हती."

"ती तलवार आहे का अजून?" मी विचारलं.

त्यांनी पातेल्यातून ढवळणं वर काढलं. पिठलं निथळलं तशी मूठ दिसली, मग पातं. चंदेरी कागद केव्हाच गेलेला, टोक झिजून बोथट झालेलं, पण तलवारच ती. माझी बहीण जिच्याशी लग्न लावून बसली ती वस्तू दोनशे माणसांचं पिठलं ढवळत होती. दाजींनी तिला आपोआप सॅल्यूट ठोकला आणि मग लाजले.

कॅनमधलं पाणी भुजंगराव तोंड लावून प्यायले. "पैनगंगा बाजूला हाय, पण तुमी वाटीवाटीनं आणलं ना, मंग हेच गोड," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तहसील कचेरी. बाहेर चिंचेखाली टाइपरायटर मांडून बसलेल्या अर्जनविसाला आम्ही गाठलं. त्यानं कागद चढवला.

"नाव, धंदा?"

"भुजंग. धंदा आचारी. त्याच्याआधीचा धंदा राजा."

"राजा लिहू?"

"लिवा. खोटं कामून सांगू?"

मी 'नट' घालायला लावलं. भुजंगराव नाखूश झाले, पण पुढे जे बोलले ते वकिलालाही सुचलं नसतं. "तलवार भाड्यानं दिल्याली. चोरी होऊ न्हाई म्हून मी सकाळपस्नं पाटाशेजारी बसून व्हतो. हाललो न्हाई. तीन पंगती तिथंच जेवलो. नवरदेव म्हून एक जीवबी तिकडं फिरकला न्हाई. ह्या गुरुजीला नवऱ्याचा कान पिळायचा मान व्हता, तलवारीला कान घावंना म्हून त्यानं माझा पिळला. अजून दुखतो."

"तो मी नव्हतो," मी म्हणालो. मीच होतो.

नायब तहसीलदारांनी सही करायच्या आधी विचारलं, "ही तलवार कुठं आहे?" भुजंगरावांनी धोतराच्या सोग्यातून ती काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी वास घेतला. "हिंग जास्त झालंय," म्हणाले आणि शिक्का उठवला.

परतीला दाजी हलके झाले होते. ट्रंकेत वर प्रतिज्ञापत्र, हातात रिकामा कॅन. लातूरच्या कारकुनांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला, आणि लग्नपत्रिकेवर त्यांनी तो टाचला. "आता एक कागद खोटा ठरला," ते म्हणाले, आणि पुढे पाठवल्याची पोच व प्रतिज्ञापत्राची शिक्क्याची नक्कल त्यांनी आम्हाला दिली. नोंद दुरुस्त झाल्याचं पत्र आणि पदकं यायला पुढे वर्ष गेलं. ती आली, दाजींनी लावली, आणि सव्वीस जानेवारीला ते पहिल्या रांगेत बसले.

पण प्रवास संपला तो त्या आधीच, आम्ही गावात पोचलो त्या दुपारी. वेशीवर टँकर लागला होता. बाया घागरी घेऊन रेटारेटी करत होत्या, ताई मधेच उभी होती. तिनं आमच्याकडे बघितलं, रांग सोडली आणि माझ्या हातातला कागद बघितला.

"वाच," ती म्हणाली.

"घरी जाऊन वाचतो की."

"हितंच वाच. मोठ्यानं."

मी शाळेतल्या आवाजात वाचलं. 'नवरदेव सबंध लग्नात कुठेही दिसला नाही. रजा रद्द झाल्याने तो येऊ शकत नसल्याची तार सकाळीच आलेली होती व ती मांडवात सर्वांसमक्ष वाचण्यात आली.' बायांची रेटारेटी थांबली. एकीनं पदर तोंडाला लावला. ताईनं सगळ्यांकडे एकेक करून बघितलं, आणि म्हणाली, "परत." मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचून होईपर्यंत टँकर रिकामा होऊन निघून गेला होता.

घरी आल्यावर दाजी तिच्यासमोर उभे राहिले, हात विजारीच्या शिवणीला चिकटवून. "लग्नाला यायला जमलं न्हाई," ते म्हणाले. इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. कागदावर रजेवर असलेल्या माणसानं ते कोणत्या तोंडानं म्हणायचं?

ताई रडली. अगदी थोडा वेळ. मग रिकामी घागर तिनं त्यांच्या हातात दिली.

"आता जमतंय तर जावा. खालच्या विहिरीला वाटीभर तरी लागल. आन् आंधार पडायच्या आत या. रजा मंजूर हाय."

दाजी निघाले. मी इतकी प्रवासवर्णनं वाचली, त्यात माणसं दूर जातात आणि काहीतरी बघून येतात. आम्ही किनवटला जाऊन एवढंच आणलं होतं की एक माणूस एका दिवशी एका ठिकाणी नव्हता. ताईनं तो कागद घडी करून मंगळसूत्राच्या डबीत ठेवला.