एक ओव्हरटाइम शाळेचा

आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंना कुणाचे वडील भेटले, की त्या नाव विचारायच्या आधी शिफ्ट विचारत. "पहिली, दुसरी की रात्रपाळी?" माणूस गोंधळून खरं सांगून टाकी आणि तिथेच फसे. एकदा शिफ्ट कळली, की बाई त्याला कुठे आणि किती वाजता गाठतील याचा नेम नसे. पहिली पाळी सुटून भोसरीहून सायकली परतायच्या वेळेला त्या फाट्यावरच्या लिंबाखाली उभ्या असत. काही जण त्यांना चुकवायला शेतातून सायकल हातात धरून जात. दुसऱ्या दिवशी बाई बांधावर दिसत.

आमचं गाव इंद्रायणी ओलांडून चाकणकडे जाताना, नाशिक रस्त्याला लागून. सत्तर सालानंतरची ही गोष्ट. गावातली शेतकऱ्यांची तरणी मुलं आणि आमच्या बौद्ध वस्तीतले पुरुष भोसरीच्या नव्या कारखान्यांत जाऊ लागले होते. शाळा मात्र सातवीपर्यंतच होती. पुढे शिकायचं तर मुलगे चाकणला जात. मुली घरी बसत. मी सातवीत होते आणि माझं पुढचं ठरलेलं होतं. आई आबांच्या वीटभट्टीवर कामाला होती, तिच्या हाताखाली मी जाणार होते.

बाई बुटक्या होत्या, आवाज घोगरा, आणि चालणं इतकं भरभर की आम्हा मुलींना त्यांच्याबरोबर पळावं लागे. त्या वर्षी त्यांनी राजगुरुनगरला खेटे घालून आठवीच्या वर्गाची परवानगी आणली. अट एकच होती. शाळा उघडण्याआधी शिक्षण खात्याचे साहेब पाहणीला येतील, तेव्हा वर्गाला पक्की खोली हवी. नसेल तर वर्ग दुसऱ्या गावाला जाईल.

बाईंनी पालकांची सभा बोलावली. तिघे आले, त्यांतला एक आपली शेळी शोधत आला होता. बाईंनी त्यालाही बसवून घेतलं. "देणगी" हा शब्द त्या उच्चारत नसत. म्हणत, "देणगी परका देतो. तुम्ही तुमचा वाटा द्या." आणि वाटा किती, तर सगळ्यांना सारखा. एका ओव्हरटाइमचा पगार. "एक ओव्हरटाइम घरचा, एक शाळेचा," असं त्या फाट्यावर प्रत्येकाला ऐकवत. कारखान्यात नसलेल्यानं दोन दिवस अंगमेहनत करायची. यातून कुणाला सूट नाही आणि कुणाकडून जास्त घेणं नाही.

दुसऱ्या सभेला मात्र देवळासमोरचं पटांगण भरलं, कारण आबा येणार होते. आबा गावातलं मोठं प्रस्थ. वीटभट्टी त्यांची, गावातला एकुलता एक ट्रक त्यांचा, आणि वस्तीतल्या निम्म्या बायका त्यांच्या भट्टीवर. मी आईजवळ पटांगणाच्या कडेला बसले होते.

आबा उठले आणि म्हणाले, "बाई, कशाला दारोदार फिरताय? खोली मी बांधून देतो. विटा माझ्या, पत्रे माझे. वडलांचं नाव तेवढं दारावर लावा."

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बाईंच्या चेहऱ्यावरही क्षणभर उजेड आला, तो मी पाहिला. त्या हात जोडणार तेवढ्यात आबा पुढे म्हणाले, "आन् एक. वस्तीची पोरं मागं येगळ्या पट्टीवर बसतील. पान्याचा माठ येगळा. गावात कुरबुर नको, म्हनून म्हनतो."

आईनं माझा हात धरला होता, तिची बोटं माझ्या मनगटात रुतली. बाईंनी जोडायला उचललेले हात तसेच खाली घेतले.

"मग नको, आबा," त्या म्हणाल्या.

"काय नको?"

"खोली नको तुमची. तुमचा वाटा द्या, इतरांएवढा. तो मी आनंदानं घेईन."

आबा हसले, पण त्यांच्या मानेची शीर ताठली होती. "दीड म्हयना ऱ्हायलाय, बाई. खोली कशानं बांधनार?"

"ते मला अजून ठाऊक नाही," बाई म्हणाल्या.

दोनच दिवसांत भट्टीवर मुकादमानं निरोप फिरवला. ज्याच्या घरातनं शाळेला वाटा जाईल, त्यानं भट्टीवर येऊ नये. त्यात आमच्या अण्णांच्या वर्कशॉपला तेव्हा ऑर्डरी नव्हत्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथे फिटर होते. आठवड्यातले तीनच दिवस काम मिळे, त्यामुळे घर आईच्या मजुरीवर चाललं होतं.

बाई आमच्याकडे आल्या तेव्हा अण्णा अंगणात सायकलचं चाक सरळ करत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. अण्णा मुळात अबोल. चार माणसांत उभं राहायचं म्हटलं तरी त्यांना घाम फुटे.

"मला निरोप कळलाय," बाई म्हणाल्या. "म्हणून आग्रह करत नाही. पण विचारल्याशिवाय गेले असते तर तुम्हाला वगळल्यासारखं झालं असतं."

अण्णा चाक फिरवत राहिले. मग म्हणाले, "भट्टी सुटली तर खायाचं काय, बाई?"

तेवढ्यात आई चुलीपुढून उठून बाहेर आली.

"भट्टीवर मी धा वरसं हाय," ती म्हणाली. "ही बी जाईल. मग हिची पोर बी. कवा तरी न्हाई म्हनायचंच हाय, तर आत्ताच म्हनू. लिवा आमचं नाव."

बाईंनी वही उघडली. त्यांना पहिल्यांदा नाव नीट लिहिता आलं नाही, त्यांनी ते खोडून परत लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून आईचं भट्टीवरचं काम सुटलं. तो महिना आम्ही कसा काढला, हे आई पुढे कधी बोलली नाही. दुपारी पातळ आमटी आणि अर्धी भाकरी एवढंच मला आठवतं.

आईचं नाव वहीत पडलं आणि वस्तीतली बाकीची घरं पुढे आली. मग किसनराव आले. ते गावातले शेतकरी, भोसरीत मशीनवर कामाला. ते बाईंना म्हणाले, "विटा न्हाईत तर न्हाईत. माझ्या माळावर दगूड पडलाय, त्यो उचला. बैलगाडी माझी." गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असे. दर गुरुवारी शाळेमागे गावचे आणि वस्तीचे पुरुष एकत्र दगड रचू लागले. पहिल्या गुरुवारी ते दोन टोकांना काम करत होते. भिंत एकच असल्यामुळे दोन्हीकडून रचत ते मध्ये येऊन मिळाले. बाईंनी सगळ्यांसाठी एकाच माठात पाणी भरून ठेवलं होतं. किसनरावांच्या चुलत्यांनी त्या माठाकडे पाहिलं आणि ते पाणी न पिता घरी गेले. किसनराव प्यायले. अण्णाही प्यायले. आपण कुणाकडे बघत नाही असं दाखवत बाई चुना कालवत होत्या.

भिंती झाल्या, पण छप्पर अडलं. पत्रे भोसरीच्या दुकानात पैसे भरून पडले होते आणि आणायला ट्रक मिळत नव्हता. आबांचा मिळणार नव्हताच, बाहेरचा ट्रकवालाही आबांशी वाकडं घ्यायला तयार नव्हता. वळीव पडून माळाच्या वाटेचा चिखल झाला होता, बैलगाडी त्यात रुतून तिचा आस मोडला. साहेबांच्या पाहणीचा दिवस उजाडला तेव्हा खोलीवर नुसते वासे होते.

साहेब अकराला जीपनं आले. आबा त्यांच्याबरोबर होते. साहेबांनी खोलीत उभं राहून वर पाहिलं. वर आभाळ होतं.

"छप्पर कुठे आहे?"

"येतंय, साहेब," बाई म्हणाल्या.

"येतंय म्हणजे?"

"रस्त्यात आहे. चालत येतंय."

आबा मोठ्यानं हसले. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि कागदांची फाइल बंद केली. बाई त्यांच्यासमोर उभ्या होत्या. मागे धरलेल्या हातांनी त्या पदराचं टोक पिळत होत्या, ते आम्हा मुलींनाच दिसत होतं. "अर्धा तास," त्या म्हणाल्या. साहेब जीपकडे चालू लागले. बाई त्यांच्या बरोबरीनं चालत राहिल्या. गेल्या पाच वर्षांत सातवी होऊन घरी बसलेल्या मुलींची नावं त्या एकामागून एक सांगू लागल्या. साहेब जीपपाशी पोहोचले, तरी नावं संपली नव्हती. ते पायरीवर पाय ठेवून ऐकत थांबले.

तेवढ्यात फाट्याकडून एक मुलगी ओरडत आली, "आले! आले!"

रात्रपाळी सुटल्यावर आमचे वीस-बावीस जण घरी न येता दुकानावर गेले होते. दोन-दोन सायकली शेजारी धरून त्यांवर त्यांनी पत्रे आडवे बांधले होते आणि ते भोसरीपासून चालत निघाले होते. उन्हात पत्रे इतके चमकत होते की माणसं दिसत नव्हती. सगळ्यांत पुढे अण्णा होते. पत्र्याच्या धारेनं त्यांचा तळहात कापला होता, त्यावर फडकं गुंडाळलेलं होतं. ते आले, साहेबांना नमस्कार केला आणि एक शब्द न बोलता भिंतीवर चढले.

साहेब एक वाजेपर्यंत थांबले. शेवटचा पत्रा ठोकला जायच्या आधीच त्यांनी सही केली. आबा केव्हा निघून गेले, कुणी पाहिलं नाही. पण शाळा उघडली त्या दिवशी त्यांची नात दप्तर घेऊन आली आणि माझ्या शेजारी पट्टीवर बसली. बाईंनी हजेरीत तिचं नाव घेतलं, एवढंच.

दिवाळीआधी बाईंची बदली झाली, दूर जुन्नरच्या डोंगरात. ती कुणी करवली हे गावाला ठाऊक होतं. एसटीवर पोचवायला दोन्हीकडची माणसं आली होती. मी रडत होते. बाईंनी मला जवळ घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "आबांना नको म्हटलं त्या दिवशी मी फार घाबरले होते गं. परत कुणी असं कर म्हटलं, तर धीर होईल की नाही कोण जाणे."

धीर झाला असावा. मी डी.एड. होऊन नोकरीला लागले त्या वर्षी बाई गेल्याचं कळलं. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. तिकडेही त्यांनी खोलीचं काम काढलं होतं, असं सांगणारा म्हणाला. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा अण्णा जेवत होते.

"झाली का ती खोली?" त्यांनी विचारलं.

"नाही. पालक येत नाहीत म्हणे."

पुढच्या गुरुवारी अण्णा आणि किसनराव पहाटेच्या एसटीनं जुन्नरकडे गेले. दिवस मावळता परत आले. अण्णांचा आवाज बसला होता. मी पाणी दिलं आणि विचारलं, "काय केलंत तिथं?"

"सभा बोलावली व्हती," अण्णा म्हणाले. पाण्याचा घोट घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बोललो."